खडूची रेघ

सोमवार, ९ डिसेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. मोटरसायकलला चाके चार. धाकट्याला उजवा पाय नव्हता, म्हणून थोरल्याने मागे आधाराची दोन चाके जोडून पायाचा ब्रेक मुठीपाशी आणला होता. अकरा वाजता आरटीओत तपासणी होती. ब्रेक बसवणाऱ्यानेच चाचणीला समोर उभे राहायचे, हा आयटीआयच्या गुरुजींचा दंडक. थोरला शेडमध्ये आखलेल्या खडूच्या रेघेवर उभा राहिला.

“दादा, बाजूला हो. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही.”

“ये.”

नऊ वर्षांपूर्वी याच शेडमध्ये, वाटणीच्या भांडणात, थोरल्याने त्या पायावर घण घातला होता. शिक्षा भोगून तो परतला, तेव्हापासून धाकट्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

गाडी सुसाट आली आणि थांबली नाही. थोरला तेलाच्या पिंपावर आदळला. कपाळ फुटले, रक्त डोळ्यांत उतरले. तो लंगडत पुन्हा रेघेवर आला.

“ब्रेक दाबलाच नाहीस.”

“नाही दाबला.”

“राग उतरला?”

“अजून नाही.”

“मग पुन्हा ये. उतरेपर्यंत मी इथेच आहे. आरटीओच्या साहेबांसमोर मात्र ब्रेक दाब.”

धाकट्याने गाडी वळवली. या खेपेस ब्रेक करकचून लागला, रबर जळाल्याचा वास पसरला. थोरल्याने वाकून चाक आणि स्वतःची नडगी यांच्यामध्ये पोलादी पट्टी धरली, पण कपाळातून ठिबकणाऱ्या रक्ताने आकडे झाकले गेले. धाकट्याने ते अंगठ्याने पुसले आणि वाचले.

अकरा सेंटिमीटर.