डीपीची राखण

"आज पाणी न्हाई दिलं तर फुलं करपतील," कावेरी म्हणाली. "बियाण्याचा कांदा हाय. वरीसभराची मेहनत मातीत जाईल."

रुद्रप्पा चपलेत पाय घालता घालता थांबला. "शपथ घेतलीय. मॅच संपली की लगेच मोटर लावतो."

शपथेला कारणही तसंच होतं. विश्वचषकाच्या मागच्या सामन्याला शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालल्या, डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरला लोड झेपला नाही आणि ऐन रंगात लाईट गेली. पंचायतीच्या रंगीत टीव्हीपुढे अख्खं गाव हात चोळत बसलं. म्हणून या खेपेला आबासाहेबाने पुढाकार घेतला. महादेवाच्या देवळात त्याने एकेकाला बोलावून बेलभंडारा उचलायला लावला. कानपूरचा सामना संपेपर्यंत कुणी मोटर लावायची नाही. बेल उचलून शब्द मोडायची छाती त्या गावात कुणाची नव्हती.

आबासाहेब म्हणजे रुद्रप्पाचा लहानपणापासूनचा जिवलग. दोघांची विहीरसुद्धा सामाईक. मार्चात तिला पाणी ते किती? चांगलं साठू दिलं तर दोघांचं कसंबसं भिजायचं.

टीव्हीकडे जाताना रुद्रप्पाला तो वाटेत भेटला. उलट्या दिशेने निघाला होता.

"मॅच बघत न्हाईस का?"

"तुमी बघा बे. कुणी चोरून मोटर लावली म्हंजे? मी डीपीपाशी राखण बसतो."

रुद्रप्पाला भरून आलं. क्रिकेटसाठी जेवण विसरणारा माणूस, आणि गावासाठी मॅच सोडून उन्हात बसतोय.

त्या दिवशी लाईटने डोळासुद्धा मिचकावला नाही. भारत जिंकला. गुलाल उडाला. जो तो आबासाहेबाचं नाव घेत होता आणि रुद्रप्पाची मान उगाच ताठ झाली होती.

घरी येऊन त्याने भाकरी-पिठलं बांधून घेतलं. "दिसभर उपाशी हाय बिचारा," तो कावेरीला म्हणाला. "त्याला खाऊ घालतो, मग मोटर लावतो."

डीपीपाशी कुणी नव्हतं. विहिरीकडून मात्र मोटरचा आवाज येत होता, पाणी तुटल्यावर येतो तसा कोरडा. रुद्रप्पा धावत सुटला.

विहिरीचा तळ उघडा पडला होता. पलीकडे आबासाहेबाचा ऊस तुडुंब पाण्यात उभा होता आणि आबासाहेब खोऱ्याने पाटाचं शेवटचं दारं मोडत होता.

"आबा, माझा कांदा गेला रे." रुद्रप्पाला रडू आवरेना. "महादेवाची शपथ होती. तू असं कावून केलंस?"

आबासाहेबाने मोटर बंद केली. हात धुतले. रुद्रप्पाच्या हातातलं गाठोडं घेऊन बांधावर बसला आणि भाकरी मोडली.

"समद्यांच्या मोटारी बंद, म्हणून व्होल्टेज लई चांगलं मिळालं बघ," तो म्हणाला. "आन् शपथेचं म्हणशील तर, बेल मी तुमाला उचलायला लावला. मी कुठं उचलला?"