कडी

नाटकमंडळीचं सामान सांभाळणाऱ्या मावशींचा एक शिरस्ता होता. प्रयोग संपला की आधी दाराची कडी काढायची, मग बाकीची आवराआवर.

दार प्लायवुडचं, मागे काही नाही. पण नाटक होतं कारखान्यात कोंडल्या जाऊन जळून गेलेल्या आठ बायकांचं. पडदा उघडायचा तेव्हा दाराला बाहेरून कडी असायची आणि पुढे चपलांचे आठ जोड.

"खेळ संपला, आता तरी जाऊ देत बिचाऱ्यांना," मावशी म्हणायच्या. पोरं हसायची.

मागच्या महोत्सवात निघायची घाई झाली आणि दार कडीसकट ट्रकमध्ये चढलं. त्याला अकरा दिवस झाले होते.

आज दुपारी मावशींनी दार उभं केलं, चपला मांडल्या आणि कडीला हात लावला. चटका बसला.

"अहो, ही तापलीय!"

"दिव्यांनी तापली असेल, मावशी," दिग्दर्शक म्हणाला.

"दिवे लावलेत कुठे अजून?"

त्याने वर पाहिलं.

मावशींनी हाताला फडकं गुंडाळून कडी काढली. दार उघडलं. मागे रंगमंचाची काळी भिंत, बाकी कोणी नाही. मावशींच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी तिसरी घंटा झाली. "मावशी, दार लावा!" दिग्दर्शक ओरडला. हाताच्या सवयीने त्यांनी दार ओढून कडी घातली आणि चपला नीट करायला वाकल्या.

तिथे एकच जोड उरला होता.

पडदा सरकू लागला. दाराच्या आतून कुणीतरी खोकलं.