कोरडी चाकं

वैनगंगेचा पूर ओसरला, तशी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची जीप पाहणीला आली. बचावाच्या नावेचा ट्रेलर पाहून ते खूश झाले. चाकांवर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"सर, ऐन पुरातही चाकं पाण्यात घालू दिली नाहीत," तहसीलदार फुशारकीनं म्हणाले. "नाव वर रस्त्यावरच ट्रेलरवरून उतरवली आणि माणसांकडून उचलून नेली."

ट्रेलर पुसत बसलेल्या मुखरू नावाड्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आठ माणसं अर्धा तास ती नाव घेऊन चिखलात रुतत होती. ट्रेलर तसाच पाण्यात ढकलला असता, तर नाव मिनिटात तरंगली असती. त्यानं तेव्हा तहसीलदारांना हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, याले पाण्यासाठीच तं जस्त चढवलं हाये. मंग धुऊन ग्रीस भरतो ना मी!"

"शाबास!" मोठे साहेब मुखरूला म्हणाले. "असाच जपत जा."

मुखरू उठला आणि हातातलं फडकं त्यानं तहसीलदारांच्या मुठीत कोंबलं.

"आता तुमीच जपा याले. तो अर्धा तास माही बायको मोहाच्या झाडाले धरून होती. नाव पोचली, तवा नुसतं झाड होतं."