ऐकत नाई
“पोरगा ऐकत नाई” या तक्रारीवरून अंगणवाडीच्या ताईंनी चार वर्षांच्या सुमेधला ब्रह्मपुरीच्या विशेष बालवाडीत तपासणीसाठी पाठवलं होतं. बाकावर शेजारी त्याची आई संघप्रिया बसली होती. तिथल्या मॅडमनी त्याच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला, मग थाळी. त्यानं मान वळवली नाही. “बाई, याला ऐकूच येत नाही.” “येते, मॅडम. माह्या आईचं बरोब्बर ऐके. ती गेली तवापासून हट्टी झाला.” “त्या हाक कशी मारायच्या?” “पलंगाच्या फळीवर थाप मारे अन् म्हणे, ये माह्या वाघा. लगेच वळे.” बोलता बोलता संघप्रिया थांबली. आईला ठाऊक होतं की नव्हतं, हे आता विचारायचं कोणाला? तिनं तोंड मिटून बाकावर थाप मारली. सुमेध हसत वळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग वाकून तिच्या मागे कोण बसलंय ते शोधू लागला.