भामरागडाकडची मतं

दुपारपर्यंत गुणवंतराव दोन हजारांनी पुढे होते. मग भामरागडाकडच्या पेट्या उघडल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर त्याची निशाणी चिकटवलेली. विरोधातल्या लटारूची, शिडीच्या निशाणीची पेटी उपडी केली की कागदांचा ढीग पडे. गुणवंतरावांच्या पेटीतून दोन-चार कागद गळत.

लोकसभेची पोटनिवडणूक होती ती. गुणवंतराव मोठ्या पक्षाचे, मालगुजाराचे चिरंजीव. लटारू अपक्ष, मासे धरणाऱ्या ढिवराचा पोरगा. चांद्याच्या शाळेत दोघं एका वर्गात. पहिला नंबर लटारूचा. जंगल सत्याग्रहात दोघंही गेले. लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवलं ते मात्र लटारूला. तेव्हापासून गुणवंतरावांच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. आता हा दिल्लीला जाणार? नुसतं नाव निघालं तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

भामरागडाच्या वाटेवर आलापल्लीच्या पुढे मोटार जात नव्हती. लटारू ऐन प्रचारात तापानं फणफणून घरी पडला होता. ही संधी कोण सोडतो! गुणवंतराव पायी निघाले. आठ दिवस जंगलातल्या गावागावांतून हिंडले. पायाला फोड आले, पण मागे हटले नाहीत.

गाव जमलं की ते सुरू होत.

"हा लटारू कोण हाय, माहीत हाय का? चोर हाय चोर! सरकारी जंगलातलं लाकूड तोडून यानं गावाले फुकट वाटलं. गार्डानं बाईवर हात उचलला तं गार्डाले झोडपलं. जेलात जाऊन आला. कोणाच्याही चुलीपाशी बसून जेवते. अशा माणसाले दिल्लीले धाडाचं का?"

बरोबर फिरणारा तिकडचाच, मराठी जाणणारा झाडू पाटील ते लोकांना माडिया बोलीत सांगे. लोक माना डोलावत. पटलं बरं का यांना, म्हणून गुणवंतरावांना आणखी चेव येई. मग ते काठीनं मातीत शिडी काढत.

"हे त्याची निशाणी. ध्यानात ठेवा!"

तेवढ्यात घसा बसे आणि पुढच्या गावाची वेळ होई. स्वतःच्या निशाणीची चित्रं पिशवीत तशीच राहत.

संध्याकाळी निकाल लागला. लटारू निवडून आला. लोकांनी त्याला पुन्हा खांद्यावर घेतलं. आताही तोच! गुणवंतरावांना ते बघवेना. ते कचेरीच्या मागच्या दारानं सटकले, तर समोर पेट्यांबरोबर चांद्याला आलेला झाडू पाटील उभा. हातात पानात बांधलेल्या चारोळ्या.

"तुमालेच पाहून राह्यलो होतो, भाऊ," तो हसत म्हणाला. "आमच्याकडे दुसरं कोणीच आलं नाई. तुमी आले म्हून लटारूभाऊसारका माणूस आमाले समजला. मी सगळ्या गावाइले सांगतलं, दोस्त असावा तं असा."

त्यानं चारोळ्या गुणवंतरावांच्या हातात कोंबल्या.

"एक इचारू का, भाऊ?" झाडूनं हात जोडले. "आठ दिवस तुमी लटारूभाऊचंच नाव घेतलं. तुमचं नाव काय जी?"