पांढरा दोरा

बहिणीने कॉफीची रिकामी बरणी काउंटरवर ठेवली. आत इंचभर पाण्यात एक मातकट, सहा पायांची अळी डोळे वटारून बसली होती.

"चतुराची अळी!" शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या भावाने लांबूनच ओळखलं. "कुठे सापडली गं ही तुला?"

"माझ्या टाकीत. तोंडात माझं पिल्लू होतं."

भावाचे दोन्ही हात जांभळ्या पाण्याच्या टबात होते. ते तिथेच थांबले.

या दुकानाचा नियम गिऱ्हाइकांना तोंडपाठ होता. पाणवनस्पतीची नवी जुडी आली की तिला पांढरा दोरा बांधायचा, पानांना चिकटून आलेली किड्यांची अंडी मरावीत म्हणून जांभळी पूड विरघळवलेल्या पाण्यात ती दहा मिनिटं बुडवायची, स्वच्छ धुवायची आणि आठवडाभर वेगळ्या टबात ठेवायची. त्या पाण्याने दोरा तपकिरी होतो, बुडवणाऱ्याची बोटंही होतात. दोरा तपकिरी नाही, तर जुडी दुकानाबाहेर नाही. ही शक्कल भावाची स्वतःची, आणि ती सांगताना त्याची छाती दोन इंच फुगायची.

बहिणीच्या एंजल माशांच्या जोडीने पाच वेळा आपलीच अंडी खाल्ली होती. सहाव्यांदा काय सुबुद्धी झाली कोण जाणे, दीडशे पिल्लं पोहायला लागली. भाऊ स्वतः घरी येऊन पाहून गेला. दुसऱ्या दिवशी, पिल्लांना आडोसा हवा म्हणून, एक भरगच्च जुडी आणून देऊन गेला. दोन आठवड्यांत दीडशेची नव्वद झाली, नव्वदची तीस. तिने आईला दोषी धरलं. पाच वेळा खाल्लीच होती की! मादीला तिने शेजारच्या टाकीत टाकलं. ती बिचारी चार दिवस काचेला तोंड लावून पिल्लांकडे बघत राहिली, आणि पिल्लं कमी होतच राहिली. आज सकाळी सात उरली होती.

"अळी काय, कुठूनही येते," भाऊ म्हणाला. "खिडकीतून चतुर आला असेल, घातली असतील अंडी."

"टाकीला झाकण आहे. तूच बसवलंयस."

"मग मला नाही सांगता यायचं. मी तर तुझी जुडी स्वतः बुडवली होती, चिमणे. ही बघ बोटं!" त्याने दोन्ही हात वर केले. बोटं नखांपर्यंत तपकिरी होती.

तिने पर्समधून रुमाल काढून उलगडला. आत वीतभर दोरा होता, टाकीमागे पडून वाळलेला. पांढराशुभ्र.

"जुडी सोडताना मीच कापला होता. या दोन बोटांत धरला होता, दादा. पण बघितला नाही. म्हटलं, तुझ्या हातचं काय तपासायचं?"

भावाने दोरा पाहिला. मग हात पुसायला फडकं शोधलं. ते त्याच्या खांद्यावरच होतं.

"त्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यातली टाकी भरायची होती गं. वीस जुड्या होत्या. वेळच नव्हता."

"त्यांच्या बुडवल्यास?"

"त्यांच्या बुडवाव्याच लागतात. ते एकेक दोरा बघून घेतात. परका माणूस तो, जरा काही कमी-जास्त झालं तर गावभर बोंब मारेल." तो थोडा हसला. "तू काय, घरची. म्हटलं, समजून घेशील."

हे तो अगदी सहज म्हणाला. यात काही चुकलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिला सगळ्यात जास्त तेच लागलं. तो ओशाळला असता, मघाचं खोटंच रेटत राहिला असता, तरी तिने गिळलं असतं.

"मी आईवर संशय घेतला, दादा. तुझ्यावर नाही घेतला."

"आईवर? कसला संशय?"

"माशाच्या आईवर."

"हात्तिच्या!" त्याला हायसं वाटलं. "अगं, मासेच ते. पुन्हा घालतील अंडी. तू त्या मादीला परत सोड आणि ती जुडी दे इकडे आणून. बुडवून देतो."

तिने बरणी उचलली. तेवढ्यात दार ढकलून चष्मेवाले एक गृहस्थ आत आले. हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर पहिलीच टाकी घेतलेल्या माणसाची घाई. त्यांनी टबातल्या जुड्यांकडे बोट दाखवलं.

"या खात्रीच्या असतात ना? रोगबिग काही येत नाही ना यातून?"

"दोरा बघा की, साहेब!" भावाचा आवाज एकदम खुलला. त्याने एक जुडी उचलून धरली. दोरा गडद तपकिरी होता. "आपल्याकडे याच्याशिवाय माल बाहेर जातच नाही. विचारा यांना. माझी सख्खी बहीण आहे, सगळं माझ्याकडूनच नेते."

गृहस्थ तिच्याकडे वळले. "काय ताई, घेऊ ना?"

काउंटरवर रुमाल तसाच उघडा पडला होता. तिने दोरा तिथेच ठेवला आणि रुमाल तेवढा उचलून घेतला.

"बिनधास्त घ्या," ती म्हणाली. "तुम्ही परके आहात."