उन्हातल्या बादल्या

कॅन्सरच्या औषधांनी धनलक्ष्मीच्या डोक्यावरचा शेवटचा केस गेला, त्याच आठवड्यात तिच्या सासूनं, पद्माबाईंनी, मोगऱ्यांची छाटणी केली. रंगाच्या रिकाम्या बादल्यांतले तिन्ही मोगरे वीतभर ठेवून कापले, उरलंसुरलं पान न् पान खुडलं आणि बादल्या दारापुढच्या उन्हात मांडल्या. धनलक्ष्मी परसातून, घराच्या उघड्या दारांतून आरपार बघत होती. केस गळायला लागल्यापासून महिनाभर सासूनं तिला पुढच्या दारात यायची मनाई केली होती.

मग ती उठली. डोक्यावरचा पदर खाली सोडून, भर दुपारी उंबऱ्याबाहेर त्या बादल्यांच्या रांगेत जाऊन बसली. समोरून कमलनगरला जाणारी प्रवाशांची जीप गेली. आतली माणसं वळून बघत राहिली.

"आत चल," पद्माबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "नवरा जित्ता असताना बोडक्या डोक्यानं दारात बसायलीस? लोकं काय म्हनतील?"

धनलक्ष्मीनं शेजारची बादली थोडी उन्हाकडं सरकवली.

"आत्याबाई, मोगरा बोडका केला म्हणून तुम्ही त्याला परसात लपवत न्हाई. नवी पालवी येईस्तोवर हितनं हलवत बी न्हाई. मी बी हलणार न्हाई."